बालनृत्याचे कार्यक्रम आणि आपण वडीलधारी मंडळी

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात पिंपरी येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, तेव्हा ज्ञातीचा इतिहास, विवाहकार्यातील काटकसर किंवा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय मोठे आहेत व त्यांवर बोलणारी अधिकारी माणसेही आपल्यात आहेत. आम्ही मात्र एक लहान विषय घेतला आहे. आपल्या मुलीचे, नातीचे, भाचीचे किंवा पुतणीचे नृत्य पाहावयास आपण जातो आणि तेथे तीन-तीन, चार-चार तास बसतो. त्या बसण्याविषयी आम्हांस थोडे बोलावयाचे आहे.

यात बोलण्यासारखे ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु आज या पिंपरी-चिंचवड परिसरात नृत्याचा वर्ग नाही अशी वसाहत सापडणे कठीण झाले आहे. कोठे कथकाचा वर्ग, कोठे भरतनाट्यमचा, कोठे नुसत्या चित्रपटगीतांवरील नाचाचा. वर्षातून एकदा त्या वर्गाचे संमेलन भरते. मग संत तुकारामनगरातील आचार्य अत्रे रंगमंदिर असो, चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह असो, की एखादे मंगल कार्यालय असो. त्या दिवशी घरातील कर्ती माणसे, आजी-आजोबा, आत्या, मामा, मावशी यांची हजेरी सक्तीची असते. लग्नाचे आमंत्रण एक वेळ टाळता येते. सात वर्षांच्या नातीने स्वतः दिलेले आमंत्रण टाळता येत नाही.

प्रथम तक्रारीची बाजू मोकळेपणाने मांडावी हे बरे. कारण ती आपणां सर्वांच्या मनात आहे, केवळ ओठांवर येत नाही. कार्यक्रम पाच वाजता म्हणून सांगितलेला असतो. मुलीला रंगभूषेसाठी दोन वाजताच नेऊन पोचवावयाचे असते. पाचाचे साडेपाच होतात, मग दीपप्रज्वलन, गुरुवंदना, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, दोन भाषणे. पडदा उघडतो तेव्हा पुढच्या रांगेतील आजोबांची पाठ अवघडलेली असते. मग तुकडीमागून तुकडी येते. सर्व तुकड्यांचे पोशाख सारखे, केशरचना सारखी, काजळ सारखे. आपली मुलगी त्यांतील कोणती हे ओळखण्यात पहिले मिनिट जाते. ओळखली म्हणून आपण सरसावून बसतो, तो पुढच्या माणसाने भ्रमणध्वनी डोक्यावर धरलेला असतो आणि त्या चार बोटांच्या काचेतच आपल्याला नातीचे दर्शन घ्यावे लागते. पाहता पाहता नृत्य संपते. घड्याळ पाहावे तर सहा वाजून दहा मिनिटे झालेली असतात. आणि हातातील पत्रिका सांगते की, अद्याप सतरा नृत्ये शिल्लक आहेत.

या सतरा नृत्यांचे काय करावयाचे, हाच आमच्या भाषणाचा विषय आहे.

थोडे गणित मांडू. समजा, एका वर्गात नव्वद मुली आहेत व त्यांच्या पाच-पाचांच्या अठरा तुकड्या केल्या आहेत. एका तुकडीचे नृत्य पाच मिनिटांचे धरले, आणि एक तुकडी आत जाऊन दुसरी उभी राहीपर्यंत दोन मिनिटे धरली, तर एकशे सव्वीस मिनिटे होतात. त्यांत सत्कार-भाषणांचा पाऊण तास व निवेदनाचा थोडा वेळ मिळविला की तीन तास भरतात. या एकशे ऐंशी मिनिटांत आपली मुलगी पाच मिनिटे दिसते. म्हणजे छत्तीसांत एक वाटा आपला आणि पस्तीस वाटे परक्यांच्या मुलांचे. तक्रारीचे मूळ नेमके येथे आहे. पाच मिनिटांचा कोणालाच कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो पस्तीस वाट्यांचा.

पण हेच गणित शिक्षिकेच्या बाजूने मांडून पाहा. तिच्यापुढे नव्वद मुली आहेत. त्यांतील दहा-बाराजणी खरोखर तयार आहेत. केवळ त्यांनाच रंगमंचावर आणले तर कार्यक्रम एका तासात आटोपेल आणि फार सुंदर होईल. परंतु ती तसे करीत नाही. ज्या मुलीचा पाय तालात पडत नाही, जी मध्येच थबकून शेजारणीकडे पाहते, जिला वर्षभरात फक्त ततकार आणि दोन तोडे आले आहेत, तिलाही ती पाच मिनिटे देते. कार्यक्रम लांबतो तो कोणालाही न वगळण्याच्या निश्चयामुळे. म्हणून ज्याला आपण कंटाळा म्हणतो, तो एका सद्गुणाचा खर्च आहे. आणि तो प्रेक्षकांनी मिळून सोसावयाचा आहे.

तो सोसला जात नाही. आपण सर्वांनी हे पाहिले आहे. पहिल्या चार तुकड्यांपर्यंत सभागृह भरलेले असते. पाचवीनंतर एक कुटुंब उठते; मुलीला पडद्यामागून घेऊन, पिशवी सावरीत, वाकून वाकून दाराकडे जाते. त्यांना पाहून दुसरे उठते. रात्रीचे आठ वाजतात तेव्हा मधल्या रांगा विरळ झालेल्या असतात, आणि नऊ वाजता जी शेवटची तुकडी येते तिच्यापुढे रिकाम्या खुर्च्या असतात. शेवटची तुकडी बहुधा मोठ्या मुलींची. म्हणजे ज्यांनी सात-आठ वर्षे घाम गाळला, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकेपासून मध्यमा, विशारदापर्यंतच्या पायऱ्या चढल्या, त्यांच्या वाट्याला ओसाड सभागृह येते. जे खरोखर पाहण्यासारखे, ते पाहावयास कोणी उरत नाही.

काही चतुर चालकांनी यावर युक्ती काढली आहे. अखेरच्या नृत्यात सर्व मुलांना एकदम रंगमंचावर आणावयाचे. म्हणजे कोणाचेही घरचे माणूस आधी उठणार नाही. युक्ती चांगली आहे. परंतु आपल्याला बसवून ठेवण्यासाठी आपल्याच मुलांना तीन तास ओलीस ठेवावे लागते, यात आपली शोभा कितपत राहते, याचा विचार व्हावा.

आपल्या ज्ञातीला पंगतीचा शिष्टाचार सांगावयाची गरज नाही. पंगतीत ज्याचे जेवण आधी होते तो उठून चालू लागत नाही. शेवटचा मनुष्य ताकभात संपवीपर्यंत तो उष्ट्या, वाळत्या हाताने बसून राहतो. यजमान “सावकाश होऊ द्या” म्हणत फिरतो, ते नुसते आग्रहाचे शब्द नव्हेत; शेवटून जेवणाऱ्याला ते अभय आहे. तुझ्यासाठी सर्वजण थांबले आहेत, तू घास घाईने गिळू नकोस, असा त्याचा अर्थ. आपले पोट भरले म्हणून मध्येच उठणाऱ्याला आपल्या आजोबांनी असंस्कृत म्हटले असते. मग आपली मुलगी नाचली, आपले डोळे भरले, आता आपण जाऊ, असे म्हणणाऱ्याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, पंगत ही आपल्या माणसांची असते. सभागृहातील माणसे परकी. येथे थोडे थांबून आपण ज्या गावात बसलो आहोत त्याचा विचार करू. पिंपरी हे एके काळी लहान खेडे होते. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी येथे वसली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आसपासच्या शेतजमिनींवर कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणपर्यंत यंत्रांचा घरघराट पोचला. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कोकण येथून आणि परप्रांतांतूनही माणसे आली. आपली बहुतेक कुटुंबे याच रीतीने येथे आली आहेत. याचा अर्थ असा की, या नगरात जवळजवळ प्रत्येकजण दुसऱ्याला परका म्हणूनच आला.

गावी मुलाचे कौतुक करावयास माणसांचा तोटा नव्हता. वाड्यातील चुलत्या, शेजारच्या काकू, पारावरचे म्हातारे, सर्वांच्या डोळ्यांसमोर ते वाढे. येथे दोन खोल्यांच्या घरात वडील पहिल्या पाळीला गेलेले, आई कचेरीत, आजी गावाकडे. मुलीने नवे गत-निकास बसविले तर ते पाहणार कोण? म्हणून संमेलनाचा दिवस येतो तेव्हा आत्याला गावाहून बोलावणे जाते. ती एस.टी.ने येऊन वल्लभनगरच्या स्थानकावर उतरते. वडील रात्रपाळी करून आलेले असतात, ते खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतात आणि मुलीचे नाव पुकारताच दचकून जागे होतात. त्या झोपेची थट्टा आम्ही करणार नाही. आठ तास यंत्रापुढे उभा राहिलेला तो मनुष्य झोपेतून वेळ काढून तेथे आला आहे.

पण आत्या एक, मामा दोन; यांनी सभागृह भरत नाही. मुलीच्या दृष्टीने टाळ्यांचा जो कडकडाट होतो, त्यांतील पंचाण्णव टाळ्या परक्यांच्या असतात. त्या परक्या टाळ्याच तिला हव्या असतात. आई चांगले म्हणणारच, हे सात वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असते. जिचे आपल्याशी नाते नाही, जिला आपले नावही ठाऊक नाही, अशी कोणीतरी बाई चौथ्या रांगेत बसून आपल्याकडे पाहून हसली, याने त्या मुलीला हे गाव आपले वाटू लागते. जे काम गावी चुलत्या-काकूंनी केले, ते येथे तीन तास त्या खुर्चीत बसलेला अनोळखी मनुष्य करतो. आपण दुसऱ्याच्या मुलीसाठी बसतो तेव्हा तिची आत्या होतो. आणि दुसरे आपल्या मुलीसाठी बसतात म्हणून तिला शंभर आत्या मिळतात. हा आहेरच आहे. द्यावा तेव्हाच परत येतो.

आमच्या वयाची मंडळी येथे एक गोष्ट काढतात. पूर्वी लोक रात्र-रात्र बसत, आताच्यांना तीन तास बसवत नाही, असे ते म्हणतात. ते खरे आहे. जत्रेतील तमाशा उजाडेपर्यंत चाले, कोकणात दशावतार रात्रभर रंगे, जुनी संगीत नाटके पहाट करीत, गोंधळाला तर रात्रच लागे. तथापि न्यायाने बोलावयाचे तर ते बसणे वेगळे होते. लोक घोंगडी पसरून बसत, पान लावीत, मुले मांडीवर निजवीत, मध्येच उठून चहा घेऊन येत आणि ओळखीच्या कथेत पुन्हा सामील होत. आजच्या प्रेक्षकाला अंधारात, अरुंद खुर्चीत, गुडघे जुळवून, न बोलता बसावे लागते. जुन्या माणसांना पाय पसरावयास जागा होती. म्हणून ज्याला बसणे जड जाते त्याला आम्ही दोष देत नाही. ज्या आजीचे गुडघे दुखतात तिने मधूनमधून उठावे, बाहेर दोन फेऱ्या माराव्यात, पाणी प्यावे. परंतु परत यावे. पंगतीतून उठून पाणी आणणे निराळे आणि पंगत सोडून जाणे निराळे.

आता थोडे मागे जाऊ. आपल्या मुली आज निःशंकपणे पायात घुंगरू बांधून रंगमंचावर उभ्या राहतात. हे कोणाच्या पुण्याईने, याचा विसर पडू नये. आपल्या पणज्यांच्या काळी घरंदाज म्हणविणाऱ्या कुटुंबातील मुलीने चारचौघांत नाचणे ही कल्पनाच असह्य होती. ती समजूत बदलावयास धैर्याची माणसे लागली. येथून मुंबईकडे जाताना घाट उतरण्याआधी खंडाळा लागते; तेथे मॅडम मेनका यांनी नृत्यशाळा काढली होती. पुण्यात १९४७ साली रोहिणी भाटे यांनी नृत्यभारती ही संस्था सुरू केली. पं. लच्छू महाराज आणि पं. मोहनराव कल्याणपूरकर यांच्यापाशी त्यांनी विद्या घेतली, आणि २००८ साली निधन होईपर्यंत पिढ्यामागून पिढ्या शिष्या घडविल्या. आज आपल्या गल्लीतील वर्गात जी तरुण शिक्षिका टाळी देत ‘ता थेई थेई तत्’ शिकविते, तिचा मार्ग अशांनीच मोकळा केला आहे.

भरतनाट्यम तर दक्षिणेची कला म्हणून आपण परकी समजतो. परंतु त्या नृत्याचा जो क्रम आज रंगमंचावर दिसतो, अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा, तो बसविण्याचे श्रेय चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंना दिले जाते. आणि ते बंधू तंजावरच्या मराठी दरबारात होते. १७९८ ते १८३२ या काळात तेथे राज्य करणारे सरफोजीराजे भोसले यांनी स्वतः नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून त्या नृत्यात बसविल्या, आणि पुढे सुचेता भिडे-चापेकर यांनी तंजावरच्या मराठी राजांच्या रचना मराठी रसिकांपुढे आणल्या. तेव्हा निगडीची एखादी मराठी मुलगी अरमंडीत बसून अलारिप्पू करते, ती परक्याच्या दारी गेलेली नसते. आणि त्या क्रमालाही सावकाशीची अपेक्षा असते. थोर नर्तकी बालसरस्वती या सबंध क्रमाला देवळाची उपमा देत. गोपुरातून शिरून, मंडप ओलांडून गाभाऱ्यात जावे तसे हे नृत्य पायरीपायरीने आत नेते, असे त्या सांगत. गोपुर पाहूनच माघारी फिरणाऱ्याला देव कसा दिसावा?

परंतु बंधुभगिनींनो, येथेच एक अप्रिय गोष्ट बोलणे आम्हांस प्राप्त आहे. ही कला आपल्या मुलींपर्यंत ज्यांच्या हातून आली, त्या बालसरस्वतींच्या घराण्यासारख्या वंशपरंपरेने नाचणाऱ्या स्त्रिया, उत्तरेतील तवायफा, गोव्याकडील कलावंतिणी, महाराष्ट्रातील तमाशाच्या फडांवरील आणि संगीतबारीतील स्त्रिया, या होत्या. कित्येक पिढ्या त्यांनी ताल, अदा आणि अभिनय जिवंत ठेवला. त्यांची कला पाहावयास आपले आजे-पणजे जात. त्यांना घरच्या पंगतीला बसवीत नसत. पंगतीचा गौरव आम्ही आत्ताच केला. तिच्या गौरवाबरोबर हेही सांगितले पाहिजे की, पंगतीत कोण बसणार हे ठरविताना आपल्या पूर्वजांनी आणि सर्वच ज्ञातींनी फार माणसांना दाराबाहेर ठेवले.

चाकणवरून नाशिकच्या रस्त्याने पुढे गेले की नारायणगाव लागते. ते तमाशाचे माहेर. तेथील विठाबाई नारायणगावकर यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? खेळ चालू असता त्या प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. समोरच्या प्रेक्षकांसाठी जिने एवढे केले, त्या स्त्रीचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. पुढे राज्यशासनाने तमाशाक्षेत्रातील जीवनगौरव पुरस्काराला त्यांचे नाव दिले, हे योग्यच झाले. पण आपल्या संमेलनात सहा-सहा वर्षांच्या मुली भाड्याच्या नऊवारीत लावणीवर नाचतात, आपण हौसेने टाळ्या वाजवितो, आणि ती लावणी ज्या स्त्रियांनी जगविली त्यांचे नाव निवेदकाच्या तोंडून एकदाही निघत नाही, हे योग्य आहे काय? ज्या कलेमुळे एकीच्या मुलीला लोकांनी हिणविले, त्याच कलेसाठी आपल्या मुलीला बक्षीस मिळते. या ऋणाची फेड पैशाने होणार नाही. निदान त्यांची नावे उच्चारावीत. निदान तमाशाच्या फडावरील कलावंतांच्या मुलांना आपल्या शाळांत, वर्गांत आणि शिष्यवृत्त्यांत वाव मिळावा. आणि सहा वर्षांच्या मुलीला प्रौढ शृंगाराचे हावभाव शिकवू नयेत. त्यात त्या मुलीचा मान राहत नाही आणि लावणीचाही राहत नाही.

तेव्हा परक्याच्या मुलीसाठी बसणे म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. ज्या समाजाने नाचणाऱ्या स्त्रीकडे पाहिले खरे, पण तिला आपले मानले नाही, त्या समाजाने ती जुनी खोड सोडण्याचा हा अभ्यास आहे. नव्वद मुलींत कोण कोणत्या ज्ञातीची, कोणाचे वडील कारखान्यात कामगार, कोणाचे तेथेच व्यवस्थापक, हे पोशाखावरून कळत नाही. सर्वांचे घुंगरू एकाच तालात वाजतात. आपली ज्ञातिसंस्था असूनही आम्ही हे मुद्दाम सांगतो. कारण ज्ञातीने माणसाला आपलेपणाचा पहिला धडा द्यावा, शेवटचा नव्हे.

मुलांविषयीही एक शब्द. वीस मुलींत एखादाच मुलगा असतो. तो नाचू लागला की मागून हसू येते; कधी कधी त्याच्याच काका-मामांकडून. त्या काका-मामांनी हे ध्यानात घ्यावे की, तंजावरचे ते चौघे बंधू पुरुष होते, लच्छू महाराज पुरुष होते, आणि २०२२ साली दिवंगत झालेले पं. बिरजू महाराज यांच्या पदन्यासापुढे सारे जग नतमस्तक झाले होते. ज्या मुलाला टाळी मिळावयाची त्याला हसू मिळाले, तर तो पुढच्या वर्षी येत नाही. एका हसण्याने एक कलावंत कमी होतो.

आता व्यवहाराच्या गोष्टी. उपदेश करून थांबणे आम्हांस आवडत नाही. म्हणून काही सूचना मांडतो.

चालकांना विनंती अशी की, कार्यक्रम अडीच तासांवर नेऊ नये. मुले फार असतील तर दोन दिवस करावेत. मुलांची पाच मिनिटे तोडू नयेत. आमच्यासारख्यांची भाषणे तोडावीत. सत्काराला एक श्रीफळ पुरे. अगदी लहान तुकड्या आरंभी सलग न ठेवता मोठ्या मुलींच्या नृत्यांमध्ये गुंफाव्यात, म्हणजे शिकण्याचा सबंध प्रवास प्रेक्षकांना दिसेल आणि नुकतेच चालू लागलेले पाऊल आठ वर्षांनी कसे पडते हे समजेल. मध्ये दहा मिनिटांची विश्रांती द्यावी. नाचून झालेल्या मुलांना पडद्यामागे कोंडून न ठेवता, खाऊ देऊन, सभागृहातच बसण्यास जागा ठेवावी. दुसऱ्याचे पाहणे हाही शिक्षणाचा भाग आहे. निवेदकाने प्रत्येक नृत्यापूर्वी दोनच वाक्यांत सांगावे की आता काय पाहावयाचे आहे. तीनताल सोळा मात्रांचा असतो आणि सर्व फेऱ्या घेऊन नर्तकी समेवर येते, एवढे जरी आजोबांना सांगितले, तरी ते बोटांवर मात्रा मोजू लागतील. सम अचूक साधली की त्यांची मान आपोआप डोलेल. कंटाळ्याचे निम्मे कारण न समजणे हे असते.

प्रेक्षकांना विनंती अशी की, भ्रमणध्वनी छातीच्या वर उचलू नये. एका कुटुंबाने एकच चित्रण करावे आणि बाकीच्यांनी डोळ्यांनी पाहावे. मुलगी रंगमंचावरून आपले डोळे शोधीत असते. तिला तेथे काळी काच दिसू नये. दुसऱ्यांच्या तुकडीलाही आपल्या तुकडीइतक्याच टाळ्या द्याव्यात. विशेषतः जिचे घुंगरू सुटले, जिची गत चुकली, जी रडत आत गेली, तिला अधिक. आणि शेवटपर्यंत बसावे. पूर्वी शेवटची गाडी चुकेल ही सबब होती. २०२२ सालापासून मेट्रो संत तुकारामनगरापर्यंत आली आहे, ती सबबही आता दुबळी झाली.

घरी गेल्यावर काय बोलावे, हेही महत्त्वाचे आहे. बहुतेक घरांत त्या रात्री दोन प्रश्न होतात: तू मध्ये का चुकलीस, आणि ती पुढच्या रांगेतली मुलगी कोणाची? पहिल्याने मूल खचते, दुसऱ्याने त्याच्या मनात मत्सर शिरतो. त्याऐवजी तिला विचारावे की, तुला आज कोणाचे नृत्य आवडले? ज्या मुलीला दुसरीचे गुण सांगता येतात, ती स्वतः कधी ना कधी चांगली नाचेल. परंतु हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने स्वतः दुसरीचे नृत्य बसून पाहिले.

कोणी विचारील, या सगळ्यांतून पुढे कलावंत किती निघणार? नव्वदांतून एखादी निघेल, कदाचित एकही निघणार नाही. दहावी आली की वर्ग सुटतो. शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून काहीजणी थोड्या अधिक टिकतात, इतकेच. पण सर्वांनी कलावंत व्हावे अशी अपेक्षाच चुकीची आहे. त्या नव्वदांतील एकोणनव्वद पुढे प्रेक्षक होणार आहेत. कलेला जाणता प्रेक्षक मिळणे हे कलावंत मिळण्याइतकेच दुर्मीळ आहे, आणि प्रेक्षक कसा बसतो हे मुले आपल्याकडे पाहून शिकतात. आज आपण मध्येच उठलो, तर उद्या त्याही उठतील. मग त्यांच्या मुलींपुढे पहिल्या तुकडीपासूनच खुर्च्या रिकाम्या राहतील.

आज सायंकाळी याच ठिकाणी आपल्या बालकांचा विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम आहे. पत्रिकेत बावीस क्रमांक आहेत, हे आम्ही मोजून पाहिले आहे. बावीसावा क्रमांक कोणाच्या घरचा आहे याची चौकशी आम्ही केलेली नाही; आपणही करू नये. त्या क्रमांकाची मुले पडद्यातून डोकावतील, तेव्हा त्यांना भरलेले सभागृह दिसावे, एवढेच मागणे आपणांपुढे ठेवतो.